घरी क्लच बदलला, पुढे काय झालं? आपापले अनुभव लिहा

क्लच प्लेटा बदलायचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत, पण कव्हर लावून गाडी चालू केल्यावर जे नाटक सुरू होतं ते कोणी दाखवत नाही. न्यूट्रल लागत नाही, घाटात ओढत नाही, ऑइल गळतंय. तुमचं काय झालं आणि शेवटी घोळ कशात निघाला ते लिहा. बाईक, कार, स्कूटर काहीही चालेल.

वडगावकर
१५० सीसी बाईक, प्लेटा नाना पेठेतून आणल्या. बसवल्यावर लिव्हर पूर्ण दाबला तरी गाडी पुढे सरकायची, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये ब्रेक धरून हात दुखले आणि न्यूट्रल तर इंजिन चालू असताना लागायचंच नाही, बंद केलं की पटकन लागतं. म्हणजे क्लच पूर्ण सुटत नव्हता. जो तो म्हणे प्लेटा डुप्लिकेट. पण निघाली केबल! जुनीच ठेवलेली, लिव्हर ओढला की तिचं बाहेरचं आवरणच दबायचं आणि अर्धी ओढ तिथेच जायची. नवी केबल टाकून लिव्हरच्या टोकाला १०-१५ मिमी प्ले (मोकळी ढिलाई) ठेवला, विषय संपला. प्लेटांवर संशय घेण्याआधी केबल बघा राव.

घाटप्रेमी
माझं बरोब्बर उलटं. कात्रजच्या जुन्या घाटात आरपीएम चढतो पण स्पीड जागचा हलत नाही, प्लेटा नव्या, स्प्रिंगा नव्या, प्लेसुद्धा ठीक. मग मावसभाऊ सहज बोलून गेला की ऑइल त्याने कारचं उरलेलं ओतलंय!! कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करायची रसायनं असतात आणि बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला, तो धरणार कसा. डब्यावर मागे जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये भिजणाऱ्या क्लचसाठीचा जपानी दर्जा) लिहिलेलं बघून घ्या. ऑइल बदलून लगेच फरक पडला नाही, परत एकदा बदललं तेव्हा कुठे धरायला लागला. मावसभाऊ अजून म्हणतो ऑइल ते ऑइल.

निवृत्त_कोथरूड
कारचा क्लच मुलाने व त्याच्या मित्राने पार्किंगमध्ये बदलला (नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावाच). नंतर पेडल दाबलं की खालीच बसून राहायचं. हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा होती. आमच्या सौ. पेडलवर, मी खाली हवा काढायच्या निपलपाशी, "दाबा... धरा... सोडा" असं पूर्ण सोसायटीला ऐकू जाईल इतकं चाललं, बुडबुडे बंद झाले तसं पेडल घट्ट झालं. फ्लुइड झाकणावर लिहिलेलंच घ्या, आणि रंगावर सांडू नका, रंग सोलतो.

मनी_हडपसर
माझ्या गियरलेस स्कूटरला क्लचचा लिव्हरच नाही त्यामुळे वरचं काहीच लागू नाही 😅 नवे शूज टाकल्यावर उचलताना थरथरायची. क्लचच्या बेलला (शूज ज्याला आतून घासून धरतात ती वाटी) आतून ग्रीसचा हात लागलेला, साफ करून पॉलिश पेपर मारला, गेली थरथर.

नवशिक्या
माझी सकाळी गार असताना पहिला गियर टाकला की झटका देते, गरम झाली की मक्खन. प्लेटा परत उघडू का?

वडगावकर
अजिबात नको. रात्रभरात प्लेटा एकमेकींना चिकटतात. चालू करायच्या आधी गियरमध्ये टाकून लिव्हर दाबून गाडी पुढेमागे ढकल, सुटतील. आणि ऑइल कुठलं टाकलंयस? मॅन्युअलमध्ये १०डब्ल्यू३० असेल आणि तू २०डब्ल्यू५० (जास्त घट्ट ऑइल, गार असताना प्लेटा सुटू देत नाही) भरलं असशील तर आधी ते काढ.