बोर्मिओला मुक्काम ठेवून सायकलिंग: स्टेल्व्हिओ, गाविया आणि गरम पाण्याची कुंडं

भोर_ते_वाई:
जुलैच्या सुरुवातीला इटलीतल्या बोर्मिओत सहा रात्री राहायचं ठरतंय. दोघंजण, पुण्याचे. सिंहगड, वरंध हे घाट नेहमीचे, पण एका दमात १००० मीटरच्या वर चढाई केलेली नाही. सायकलला ५०-३४ चेनरिंग (पॅडलजवळची दातेरी चक्रं) आणि ११-२८ कॅसेट (मागच्या चाकाची चक्रं; आकडे दात्यांचे) आहे, ती चालेल का? कुठला घाट कुठल्या दिवशी ठेवावा? आणि राईड संपल्यावर थेट गरम कुंडात उतरलं तर चालतं का? एकजण शाकाहारी आहे.

चढणीचा_माणूस:
आधी गिअर, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. बोर्मिओ १२२५ मीटरवर, स्टेल्व्हिओ घाटाचा माथा २७५८ वर. साडेएकवीस किमीत १५३० मीटर, सरासरी ७.१ टक्के. म्हणजे ढोबळमानाने सिंहगडाचा गाडीरस्ता अडीच वेळा, मधला उतार वगळून! ७५ किलोचा माणूस आणि १० किलोची सायकल-सामान धरलं, तर ८ टक्के चढावर ताशी ८ किमी जायला साधारण १६० वॅट लागतात. ३४-२८ वर (पुढे ३४, मागे २८ दाते) त्या वेगाला पॅडल मिनिटाला ५२ वेळा फिरतं, ३४-३४ वर ६३ वेळा. अडीच-पावणेतीन तास ५२ च्या गतीने दाबत राहिलात तर दुसऱ्या दिवशी गुडघा बोलतो. तेव्हा ११-३४ कॅसेट बसवाच. मात्र मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) लहान केजचा, म्हणजे चेन ताणून धरणारी पट्टी आखूड असलेला, असेल तर ३४ दाते पेलत नाही, मध्यम केजचा लागतो. चेनही लांब लागते. जुनी चेन तशीच ठेवून पुढे-मागे दोन्हीकडे सर्वात मोठ्या चक्रावर गिअर टाकला तर डिरेलरचा हँगर (तो सायकलला जिथे जोडतात तो तुकडा) वाकतो. हे काम निघण्याच्या महिनाभर आधी करा आणि त्याच गिअरवर सराव करा.

वेग नाडीने ठरवा, पुढच्याला बघून नको. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७२ टक्के असतो, त्यामुळे नेहमीची ताकद तिथे मिळत नाही. पहिले १० किमी मुद्दाम हळू. मधल्या वळणांच्या भिंतीनंतर थोडं सपाट पठार येतं, तिथे खाऊन घ्या. स्वित्झर्लंडकडे जाणाऱ्या उम्ब्राइल घाटाचा फाटा ओलांडल्यावरचे शेवटचे तीन किमी पुन्हा खडे आहेत आणि बहुतेकांचं गणित तिथेच चुकतं.

दरीकाठ:
वरच्या प्रतिसादाशी सहमत. दिवसांची मांडणी मी अशी करेन. पहिला दिवस कान्कानोची तळी: प्रेमादिओ गावावरून वळणावळणाने फ्राएलेच्या जुन्या बुरुजांपर्यंत, १९४१ मीटर. बुरुजांपर्यंत डांबर, पुढे तळ्यांभोवती खडीचा रस्ता. २०२० च्या जिरोचा (इटलीची मोठी सायकल शर्यत) एक टप्पा याच तळ्यांपाशी संपला होता. दुसऱ्या दिवशी स्टेल्व्हिओ, आठवड्यातल्या मधल्या वारी आणि सकाळी सातच्या आत, कारण शनिवार-रविवारी मोटरसायकलींची रांग लागते. तिसरा दिवस विश्रांती. चौथ्या दिवशी सांता कातेरीनावरून गाविया, सुमारे २५ किमी, माथा २६२० च्या आसपास. पाचवा दिवस हवामानासाठी मोकळा ठेवा, जुलैत दुपारी गडगडाटी पाऊस होतो आणि माथ्यावर ढगात सापडण्यात शौर्य नाही. पाय टिकले असतील तर त्या दिवशी मोठा फेरा: स्टेल्व्हिओ, खाली प्राटो, ग्लोरेन्झा, स्वित्झर्लंडमधलं सांता मारिया, तिथून उम्ब्राइल आणि परत. १०० किमी, ३१०० मीटर. खाली जाताना प्राटोच्या बाजूला ४८ वळणं मोजता येतील. ओळखपत्र सोबत हवंच.

मोर्तिरोलो हा जवळचा आणखी खडा घाट या वेळी सोडा. माझ्झो गावाकडून १२.४ किमी सरासरी साडेदहा टक्के, ३४-३४ वरही पॅडल पन्नासच्या खाली जातं. शिवाय परतीला बोर्मिओपर्यंतचा चढ उरतोच.

ब्रेकपॅड_वाला:
चढाईपेक्षा उतरताना जास्त लोक घाबरतात. दोन गोष्टी भारतीयांच्या अंगवळणी नसतात. एक, रस्त्याची उजवी बाजू. वळणावर दमलेला माणूस सवयीने डावीकडे सरकतो आणि समोरून गाडी येते. दोन, तिकडे भाड्याच्या सायकलींना पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो, आपल्याकडे उजव्या. मोकळ्या जागेत दहा मिनिटं तपासा, गरज पडली तर दुकानातच उलटून घ्या.

सायकल न्यायची की भाड्याने, हा प्रश्न राहिला. मिलानहून तिरानोपर्यंत आगगाडी, पुढे बसने बोर्मिओ, म्हणजे मोठी पेटी घेऊन गाडी बदलावी लागते. पाच दिवसांसाठी भाड्याचीच घ्या. आपली खोगीर आणि पॅडल मात्र न्या, खोगिराची उंची चिकटपट्टीवर लिहून.

उतरताना ब्रेक सतत घासत ठेवू नका. त्याने डिस्क तापते, पॅड चकाकून गुळगुळीत होतात आणि ब्रेकची लिव्हर मऊ लागते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, वेग घटला की सोडा, वळणात धरू नका. निघण्याआधी पॅडची जाडी बघा. बोर्मिओत २५ अंश असले तर माथ्यावर साधारण १५, आणि ताशी ५० किमीच्या वाऱ्यात बोटं गोठून लिव्हर दाबली जात नाही. पूर्ण बोटांचे हातमोजे आणि वाऱ्याचं जॅकेट खिशात हवंच. बोगदे ओले आणि अरुंद आहेत. पुढचा-मागचा दिवा हवा, शिवाय बोगद्यात परावर्तक जॅकेट इटलीच्या कायद्याने सक्तीचं आहे.

भोर_ते_वाई:
हे सगळं वहीत उतरवून घेतलं. कुंडांचं कुणी सांगेल का?

दरीकाठ:
बान्यी वेक्की स्टेल्व्हिओच्या रस्त्यालाच लागतं, डोंगरात खोदलेली घामाची गुहा आणि दरीवर उघडं कुंड. गावातलं बोर्मिओ तेर्मे साधं, पोहायला सोयीचं. राईडनंतर थेट उतरू नका. अंगातलं पाणी गेलेलं, त्यात गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैल, उठताना चक्कर येते. तासभर थांबा, अर्धा-पाऊण लिटर पाणी मिठासह, थोडं खाणं, मग दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर बसून राहा. खोगिराने कातडी सोलली असेल किंवा पडून खरचटलं असेल तर त्या दिवशी कुंड नाहीच. सर्वात चांगलं म्हणजे विश्रांतीच्या दिवशी सकाळी.

शाकाहारींसाठी पिझोकेरी मागवा: कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी, भरपूर चीज. कुट्टूचीच चीज भरून तळलेली शियात भजीसारखी लागतात, पण सोबत ब्रेझाओला येतो का ते आधी विचारा, तो गोमांसाचा असतो. चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (वासराच्या पोटातून काढलेलं, दूध घट्ट करणारं विकर) चालत नसेल तर खोलीसोबत स्वयंपाकघर असलेली जागा घ्या आणि पोह्यांचं पाकीट घेऊन जा. सहा वाजता निघणाऱ्याला हॉटेलचा नाश्ता तसाही मिळत नाही.