'रादर'च्या पोटातला 'रेद'

पानोपानी: एमएसाठी इंग्रज कवी मिल्टनची 'लिसिडस' वाचतेय. १६३७मध्ये समुद्रात बुडालेल्या कॉलेजच्या सोबत्यासाठी लिहिलेली शोककविता. त्याच्या शवपेटीवर वाहायला कवी फुलं मागवतो, त्यांत पहिलंच प्रिमरोझ, आणि त्याला विशेषण 'रेद'. टीपेत 'लवकर फुलणारं' एवढंच दिलंय. 'त्यापेक्षा' या अर्थाच्या इंग्रजी 'रादर'शी याचं काही नातं आहे का?

वरचं_खाचर: ताई, अगदी सख्खं नातं आहे. 'रेद' म्हणजे लवकर, चटकन. त्याहून लवकर ते 'रादर', सगळ्यांत लवकर ते 'रादेस्ट'. तिघांतलं मधलं तेवढं आज बोलण्यात उरलं. मध्ययुगीन इंग्रज कवी चॉसरच्या 'शिपमन्स टेल' या कथेत पहाटे बागेत फिरणाऱ्या भिक्षूला घरची बाई विचारते, इतक्या 'रेद' का उठलात?

'त्याहून लवकर'चं 'त्यापेक्षा हे बरं' कसं झालं, तर दोन गोष्टी समोर असल्या की मन जिच्याकडे आधी धावतं तीच आपल्याला हवी असते. इंग्रजीत 'सूनर'सुद्धा असा वापरतात. फ्रेंच 'प्ल्यूतो' आणि जर्मन 'एअर' याच वाटेने गेले.

पण मला जास्त जवळचा वाटतो तो 'रेद-राइप', म्हणजे लवकर पिकणारा. अमेरिकेत त्याचं 'रेअरराइप' झालं आणि ते लवकर तयार होणाऱ्या पीचला चिकटलं. मी नारायण पेठेत पस्तीस वर्षं मुद्रितं तपासली. हा शब्द पहिल्यांदा समोर आला तेव्हा हातातलं काम थांबलं, कारण भोरची आमची भाताची खाचरं आठवली. वरच्या खाचरात पाणी लवकर ओसरतं, तिथे वडील हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात लावायचे. खाली पाणी धरून राहतं, तिथे उशिरा पिकणारं गरवं. मधल्याला निमगरवं. हळवा 'लघु'वरून आला, गरवा 'गुरु'वरून.

म्हणून टीपेतलं 'लवकर फुलणारं' मला अपुरं वाटतं. 'हळवं प्रिमरोझ' म्हणा. आपल्याकडे मनही हळवं असतं, ते लवकर भरून येतं. मिल्टनचं फूल लवकर येतं आणि एकटंच मरतं. त्याला हे दोन्ही अर्थ हवेत.

जुन्नरी: आमच्याकडे कांदाही हळवी आणि गरवी. माझी मुलं पुण्यात वाढली, त्यांना हळवा म्हणजे फक्त रडका माहीत. आज त्यांना हे वाचून दाखवतो.

पानोपानी: काका, टिपणात 'हळवं' लिहिलं. सरांनी कारण विचारलं तर खाचरापासून सांगावं लागेल.

वरचं_खाचर: जरूर सांगा. श्रावण सरला की वडील रोज वरच्या बांधावर जाऊन लोंब्या बघायचे. 'हळवं दसऱ्याला घरात आलं पाहिजे,' म्हणायचे. हे वाक्यही त्यांना सांगा.