मदत हवी आहे: चारपैकी दोन घोडी विकायची आहेत, कोणती विकावीत?

तापीकाठचा_शेतकरी

मंडळी, नमस्कार. मी शहादा तालुक्यातला. आजोबांपासून आमच्या दारात घोडी आहेत. आज चार जनावरे आहेत आणि पुढच्या वर्षी चारही सांभाळणे होणार नाही, हे आता घरात सगळ्यांनी मान्य केले आहे. दोनच ठेवायची. कोणती दोन, यावर मात्र रोज रात्री जेवताना वाद होतो. सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा दत्तजयंतीला भरेल, म्हणजे हातात फार वेळ नाही. इथे घोड्यातली जाणती माणसे आहेत म्हणून सविस्तर लिहितो.

अडचण दोन बाजूंनी आली. आप्पांच्या खुब्याचे ऑपरेशन झाले. खरारा, पाणी, सकाळचे फिरवणे, सगळे तेच बघायचे. आता त्यांना जनावराच्या जवळ उभे राहू देता येत नाही. मदतीचा गडी दिवाळीनंतर सुरतेला गेला, भाऊ तर आधीपासून तिकडेच. राहिलो मी, आणि माझ्यामागे पपईचे शेत. दुसरी अडचण चाऱ्याची. पूर्वी आमच्या शिवारात दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, भरपूर असायची, घरचाच कडबा वर्षभर पुरायचा. आता जिकडे बघावे तिकडे पपई, केळी, ऊस, कापूस. दादरीचा कडबा विकत आणायचा तर एका घोड्याला दिवसाला आठ-नऊ किलो सुका चारा लागतोच, वर हरभरा आणि चुनी वेगळी.

आता जनावरांविषयी.

लक्ष्मी सगळ्यात थोरली. मारवाडी, कुमैत म्हणजे तांबूस-काळ्या रंगाची, वय अठराच्या पुढे. आप्पांनी सारंगखेड्यातूनच आणलेली. डोळ्यांवरचे खळगे खोल गेलेत, कडबा चघळून चघळून त्याचे ओले गोळे गव्हाणीखाली टाकते. अंगाने उतरली आहे, बरगड्या दिसायला लागल्या. स्वभाव इतका गरीब की पुतण्या तिच्या पोटाखालून पलीकडे जातो आणि ती पाय उचलत नाही. आई म्हणते, "ती आपला घरनी शे, तिले कोठे धाडू नको."

राणी तिची लेक, नऊ वर्षांची. गळ्यावर देवमण, म्हणजे शुभ मानतात तो केसांचा भोवरा आहे, कान टोकाशी जुळतात, चाल रेवाल, म्हणजे भरभर पण हिसका न देणारी. चैत्रात दोंडाईचाकडच्या एका चांगल्या मारवाडी घोड्याकडून भरवली, आता सात महिन्यांची गाभण आहे. फाल्गुनात विणार.

बादल नुकरा, म्हणजे गुलाबी कातडीचा पांढरा घोडा, सहा वर्षांचा, अंड म्हणजे खच्ची न केलेला. नाचकाम शिकलेला. लग्नसराईत चार पैसे तोच आणतो. पण त्याला बाकीच्या तिघींपासून वेगळा बांधावा लागतो, वेगळा फिरवावा लागतो, आणि माझ्याशिवाय तो कुणाचे ऐकत नाही. उन्हाळ्यात नाकावरची गुलाबी कातडी सोलवटते, त्यामुळे मे महिन्यात भर दुपारच्या वराती मी घेत नाही.

चौथी बिजली, राणीची शिंगी, म्हणजे तरणी लेक. अडीच वर्षांची, नुकतीच दोन दात झाली. अजून पाठीवर कुणी बसलेले नाही. बांधा आईसारखाच, पण डाव्या डोळ्याखाली भोवरा आहे. त्याला आसूढाळ म्हणतात आणि बाजारात हा भोवरा दिसला की गिऱ्हाईक हात मागे घेते. माझा स्वतःचा त्यावर विश्वास नाही, पण विकत घेणाऱ्याचा असतो.

भावाचे म्हणणे, लक्ष्मी आणि बिजली काढ, कमावता घोडा आणि गाभण घोडी ठेव. हिशेबाने ते बरोबर दिसते. माझे मन वेगळीकडे जाते. एक व्यापारी घरी येऊन चौघांचे उक्ते मागून गेला. लक्ष्मीचे काय करणार, असे विचारल्यावर तो म्हणाला, तिचे मी बघून घेईन. तेव्हापासून मला झोप लागत नाही.

तर विचारायचे हे की, गाभण राणीला आत्ता विकावे की व्याल्यावर? बादलला विकून उत्पन्न गेले तर बाकीच्यांना खाऊ काय घालू? आणि लक्ष्मीला ठेवणे हा निव्वळ हळवेपणा आहे का?

अकलूजचा_घोडेवाला

दादा, तुमची भावाभावांची चर्चा "आपल्याला कोणता उपयोगाचा" इथून सुरू होते. मी घोडी पाळतो आणि दर पाडव्याला अकलूजच्या बाजारात उभा असतो, म्हणून उलट्या बाजूने विचार करायला सांगतो. चौघांपैकी दुसऱ्याच्या दारात कोण सुखाने राहील? त्याला विका. ज्याचे बाहेर हाल होतील त्याला ठेवा.

या मापाने बघा. बादल तरणा आहे, शिकलेला आहे, रंग मागणीचा आहे. त्याला घेणारा पैसा मोजून घेईल आणि मोजलेल्या पैशाची माणूस काळजी घेतो. लक्ष्मीला कोण घेणार? अठराच्या पुढची, दात गेलेली, पाठीला येत नाही, वेताला येत नाही. स्वस्तात घेणारा तिच्याकडून काम काढूनच ते पैसे वसूल करणार. वीटभट्टी, ओझी, एका हातातून दुसऱ्या हातात. त्यात हळवेपणा काही नाही. इतकी वर्षे ज्या घोडीने घर चालवायला मदत केली तिचा शेवट आपल्या दावणीला व्हावा, हे रोखठोक देणे आहे.

आणखी एक. चारातून दोन गेली म्हणजे काम निम्मे होतेच असे नाही. अंड घोडा एकटा दोघांचे काम घेतो. वेगळी भिंत, वेगळी फेरी, कळत्या माणसाचा हात. घरात बिजलीसारखी शिंगी माजावर येण्याच्या वयाची असताना तर एक रात्र दावे सुटले तरी नको त्या वयात गाभ राहतो. तुमच्याकडे माणूस एकच आहे, तेव्हा घोडा काढा.

पशुवैद्य_धुळे

गाभण घोडीविषयी लिहितो. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिने. गर्भाची खरी वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते, म्हणजे मार्गशीर्षापासून राणीचा खुराक वाढवावा लागेल. याच काळात तिला यात्रेत नेऊ नका. जागोजागच्या शेकडो घोड्यांत उभी राहिली की संसर्गाचा धोका असतो. घोड्यांतल्या हर्पिस विषाणूने होणारे गर्भपात बहुतेक शेवटच्या महिन्यांतच होतात. तिला द्यायचेच असेल तर घरून, ओळखीच्या माणसाला, आणि विण्याच्या निदान महिना-दीड महिना आधी. कारण घोडी जिथे राहते तिथल्या रोगजंतूंविरुद्धची ताकद तिच्या चिकात उतरते आणि शिंगराला पहिल्या काही तासांत तीच मिळते. ऐन विण्याच्या तोंडावर जागा बदलली तर शिंगरू त्या बाबतीत उघडे पडते. व्याल्यावर विकायची तर शिंगरू पाच-सहा महिन्यांचे होऊन दूध तुटेपर्यंत थांबा.

लक्ष्मी गोळे टाकते, म्हणजे दाढांना टोके आली असणार किंवा एखादी दाढ हलत असणार. डॉक्टरकडून तोंड उघडून बघून दाढा घासून घ्या. तोवर कडबा बारीक कुट्टी करून, चुनी आणि कोंडा भिजवून द्या. बऱ्याच म्हाताऱ्या घोडी एवढ्यावर महिन्या-दोन महिन्यांत भरून येतात. मक्याची कुट्टी देत असाल तर बुरशीचा एक कणही जाऊ देऊ नका. बुरशी लागलेल्या मक्याने घोड्याच्या मेंदूला इजा होते आणि त्यावर इलाज नाही.

बादल आणि बिजलीला कुठेही न्यायच्या आधी ग्लँडर्सची रक्त तपासणी करून घ्या. हा रोग माणसालाही होतो. नमुना सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून जातो. हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र ही या रोगासाठी देशातली मुख्य प्रयोगशाळा आहे. निकाल यायला वेळ लागतो म्हणून आजच कामाला लागा. धनुर्वाताची लसही झालेली असू द्या. हे कागद हातात असले की सौद्यात तुमचेच वजन वाढते.

शिरपूरची_ताई

आमच्या घरी वरातीच्या घोड्यांचाच धंदा आहे म्हणून बादलविषयी बोलते. भाऊ, तुम्हाला कुणीतरी नक्की सुचवेल की विकू नका, बँडवाल्याला अर्धेलीने, म्हणजे निम्म्या वाट्याने द्या. नका देऊ. अर्धेलीचा घोडा दोघांचा असतो आणि काळजी एकाचीही नसते. एका रात्रीत तीन वराती, डीजेसमोर तास न् तास, आणि नाचावा म्हणून तोंडात काटेरी लगाम. आमच्याकडे असाच एक घोडा परत आला होता, जिवणीचे दोन्ही कोपरे फाटून कातडी जाड झालेली. लगाम जरा ओढला की मान वर फेकायचा. ते शेवटपर्यंत गेले नाही.

विकायचाच असेल तर यात्रेची वाट बघू नका. तुळशीचे लग्न झाले की सराई सुरू होते, शिकलेला नुकरा आत्ता सगळ्यांना हवा असतो. घेणाऱ्याच्या घरी जाऊन त्याची बाकीची घोडी बघून या. खूर, पाठीवरची खोगिराची जागा आणि जिवणी, या तीन जागा बघितल्या की मालक कळतो. माणूस कितीही गोड बोलला तरी जनावर खरे सांगते.

नंदुरबारी

राग मानू नका, पण एवढा विचार केला तर शेतकऱ्याचे कसे चालणार? म्हातारी घोडी दोन वर्षे बसून खाणार. तेवढ्या चाऱ्यात एक गाय पोसली जाईल. व्यापाऱ्याला चारही उक्ते द्या आणि मोकळे व्हा.

तापीकाठचा_शेतकरी

सगळ्यांचे मनापासून आभार. नंदुरबारी भाऊ, राग नाही. चाऱ्याचे म्हणता ते खरे आहे, मी स्वतःच वर लिहिले आहे. पण लक्ष्मीची शिंगरे विकून आप्पांनी विहिरीचे काम पुरे केले. त्याच विहिरीचे पाणी आज पपईला जाते. तिला गायीच्या चाऱ्याशी तोलणे मला जमणार नाही. त्या व्यापाऱ्याला काल फोन करून नाही म्हणून सांगितले.

अकलूजकर दादांचे म्हणणे मी आप्पांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, घोडा काढ. बादलला त्यांनीच शिंगरू असल्यापासून वाढवला आहे, म्हणून त्यांच्या तोंडून ते यायला हवे होते. भावालाही पटले. उत्पन्नाचे म्हणाल तर मी नीट मांडून बघितले. बादलची कमाई सराईपुरती, आणि त्यातली बरीचशी त्याच्याच खुराकात, नालबंदात आणि वरातीला सोबत न्यायच्या माणसात जाते. तो विकून येणाऱ्या पैशातून यंदाचा कडबा एकदम भरून ठेवता येईल.

ताई, तळोद्याकडचे एक कुटुंब बादलसाठी विचारत आहे, वरातीचाच धंदा आहे. या रविवारी त्यांच्या घरी जातो आणि तुम्ही सांगितलेल्या तिन्ही जागा बघतो. डॉक्टरसाहेब, बादल आणि बिजली दोघांचे रक्त दवाखान्यात दिले. लक्ष्मीच्या दाढांसाठी डॉक्टर गुरुवारी येणार आहेत. चुनी भिजवून द्यायला सुरुवात केली, गोळे अजून पडतात पण कमी.

राणी यात्रेला जाणार नाही, हे पक्के. ती घरीच विणार.

आता अडले आहे ते बिजलीपाशी. आसूढाळमुळे सारंगखेड्यात तिला पाडून मागतील आणि पाडून घेतलेले जनावर कसे वागवले जाते हे वर अकलूजकरांनी लिहिलेच आहे. वर्षभर ठेवून पाठीवर घेऊन शिकवावी आणि मग विकावी, तर तीन जनावरे होतात आणि माझ्याकडे तेवढा वेळ नाही. भोवरा न मानणारा, बसायला आणि फिरायला घोडी हवी असलेला कुणी इथे आहे का? किंवा धुळे, जळगाव, नाशिकच्या बाजूला घोडेस्वारी शिकवणारी अशी जागा, जिथे नवीन जनावराला घाई न करता शिकवतात? पैसे थोडे कमी आले तरी चालतील. येवल्याच्या मंगळवारच्या बाजारातही चौकशी करणार आहे. तिथे नेहमी जाणारे कुणी असेल तर भोवऱ्याचा तिकडे किती विचार करतात तेवढे सांगा.

अकलूजचा_घोडेवाला

भोवरा सगळीकडे बघतात दादा, येवल्यातही आणि आमच्याकडेही. पण स्वारीसाठी घेणारे पाय आणि पाठ आधी बघतात. बिजलीचा बाजूने उभी असतानाचा आणि दोरीवर दुडकी चालतानाचा व्हिडिओ टाका. चारही खुरांचे जवळून फोटो द्या, आणि भोवऱ्याचाही द्या, लपवू नका. माझ्या माहितीतले एकजण मुलीसाठी शांत घोडी शोधत आहेत. त्यांना दाखवतो. सौदा झालाच तर विसार घ्यायच्या आधी त्यांना दोन दिवस तुमच्याकडे राहायला बोलवा, मुलीने स्वतः खरारा करून बघावा. बिजली तिला जवळ येऊ देते का, ते तुम्हालाही दिसेल.

तापीकाठचा_शेतकरी

उद्या सकाळी फिरवताना व्हिडिओ काढून टाकतो. त्या मंडळींना अवश्य पाठवा, राहण्या-जेवण्याची सोय आमच्याकडेच होईल.