मांडवी (कच्छ): आईला घेऊन चार दिवस, गर्दी टाळून कसं जमवावं?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. जानेवारीत सांगलीहून कच्छातल्या मांडवीला जायचं ठरतंय. आम्ही चौघं आहोत, त्यात मुलगा १० वर्षांचा आणि आई ६८ वर्षांची. आईचे गुडघे दुखतात, सलग जिने चढवत नाहीत. रणोत्सव, तंबू, नाचगाणी यातलं काही नको. कोरड्या मुलखाच्या टोकाला असलेलं शांत बंदर, लाकडी जहाजं बांधतात ती जागा आणि मोकळा किनारा, एवढंच डोक्यात आहे.

सांगलीहून जायची सोयीची वाट कोणती? मुक्काम किती ठेवावा? जहाजं जवळून बघता येतात का? आणि धोर्डोचं पांढरं रण त्याच दिवसांत बसेल का? माहीतगारांनी जरा सविस्तर लिहावं.

कृष्णाघाट

आधी रेल्वेचं सांगतो, कारण बेत इथेच फसतो. बंगळुरू–गांधीधाम ही साप्ताहिक गाडी मिरज, सांगली, सातारा, पुणे करत जाते. मध्ये गाडी बदलायला नको, म्हणून आईंसाठी हीच उत्तम. गांधीधामहून मांडवी रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास आहे, तिथून खासगी गाडी ठरवा. अडचण एवढीच की आठवड्यातून एकच फेरी. सुट्टीचे दिवस तिच्या वाराशी जुळवावे लागतात. पुण्याहून भुजला थेट जाणारी एक गाडी आहे, तीही साप्ताहिकच.

वार जुळत नसेल तर मुंबईमार्गे जा. रात्रीच्या महालक्ष्मीने सकाळी दादरला उतरायचं. भुजची सयाजीनगरी दादरहूनच सुटते, कच्छ एक्सप्रेस वांद्रे टर्मिनसहून. दोन्ही दुपारनंतर निघून दुसऱ्या दिवशी सकाळी भुजला पोचतात. पण महालक्ष्मी मध्य रेल्वेच्या फलाटावर येते आणि भुजची गाडी पश्चिम रेल्वेच्या बाजूने सुटते. मधला पूल सामानासकट ओलांडायचा म्हणजे दुखऱ्या गुडघ्यांना शिक्षाच. मधला वेळ भरपूर असतो, तेव्हा लिफ्ट किंवा सरकता जिना कुठे आहे ते विचारूनच पाऊल उचला. सामान हमालाकडे द्या, तिथे काटकसर नको.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. रणोत्सवाच्या महिन्यांत भुजच्या गाड्या लवकर भरतात, म्हणून पहिल्याच दिवशी सकाळी तिकीट काढा. आईंसाठी खालचा बर्थ मागताना ज्येष्ठ नागरिकाचा रकाना भरायला विसरू नका. एकाच तिकिटावर चौघांची नावं घातली की खालचा बर्थ मिळण्याची शक्यता कमी होते. आईंचं तिकीट वेगळं काढलंत तर बरं.

भुज ते मांडवी ६० किलोमीटर. एसटी आहेत, सव्वा ते दीड तास लागतो. जानेवारीत भुजला पहाटे पारा १० अंशांच्या आसपास असतो, नलियाकडे त्याहून खाली. मांडवीत समुद्रामुळे थंडी सौम्य. म्हणजे स्वेटर, कानटोपी मोठ्या बॅगेत तळाशी नको, उतरताना हाताशी हवी.

स्वतःच्या गाडीने बाराशे-तेराशे किलोमीटर पडतं. मध्ये दोन मुक्काम केल्याशिवाय निघू नका. सुरजबारीचा पूल ओलांडला की कच्छ सुरू, आणि सामखियाळीपासून गांधीधामपर्यंत मिठाचे आणि बंदराचे ट्रक लागतात. तो टप्पा अंधारात नकोच.

गलबत

जहाजांबद्दल. मांडवीत रुक्मावती नदी समुद्राला मिळते आणि तिच्या काठावरच लाकडी जहाजं उभी राहतात. तिकडे त्यांना वहाण म्हणतात. फाटक, तिकीट, रांग असं काही नाही, काठावर उघड्यावरच काम चालतं. आईंना पुलावरून, रिक्षात बसल्या बसल्यासुद्धा आख्खी जहाजं दिसतील. मुलाला मात्र खाली घेऊन जा.

एका जहाजाला दोन-तीन वर्षं सहज लागतात. त्यामुळे कधीही गेलात तरी एखादं नुसत्या सांगाड्यात, एखादं अर्धं मढवलेलं, असं दिसतं. सांगाड्याजवळ उभं राहून बरगड्या नीट बघा. त्या सरळ लाकूड कापून वाकड्या केलेल्या नसतात. मुळातच वाकडी वाढलेली देशी बाभूळ निवडून घेतात. लाकडाचे धागे वाकणाबरोबरच वळलेले राहतात, म्हणून लाटेच्या दणक्याने बरगडी तडकत नाही. बाहेरच्या फळ्यांना साल वृक्षाचं लाकूड लागतं, ते मलेशियाहून येतं. दोन फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापसाचा पीळ बोथट छिनीने ठोकून ठोकून बसवतात. जहाज पाण्यात गेलं की फळ्या फुगतात आणि पीळ आवळला जातो. ही ठोकाठोक चालू असेल तर मुलाला तिथेच दहा मिनिटं उभं करा, जहाज तरंगतं कसं हे त्याला एवढ्यात कळेल.

पायात बंद बूट हवेत. जमिनीवर वाकडे खिळे आणि लाकडाच्या कपच्या पडलेल्या असतात, काठाने वेडी बाभूळही आहे. तिला तिकडे गांडो बावळ म्हणतात, आणि तिचा काटा चपलेच्या तळातून सरळ वर येतो. शिडी दिसली म्हणून चढू नका. वर काम चालू असेल तर अवजारं खाली पडतात. फोटो काढायच्या आधी मिस्त्रींना विचारा. कोणी नाही म्हणत नाही, पण न विचारता तोंडासमोर मोबाइल धरलेला कोणालाही आवडत नाही.

वेळ साधायची ती भरती-ओहोटी बघून. ओहोटीला नदीचं मुख चिखलाने उघडं पडतं आणि नांगरलेल्या होड्या कलंडून बसतात. भरतीला त्याच ताठ उभ्या राहतात. दोन्ही बघण्यासारखं आहे, म्हणून एकाच जागी दोनदा जा. वेळा मोबाइलवर मिळतात. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा कालची वेळ आज धरू नका. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि तेवढंच लांब ओसरतं. नदीच्या मुखाशी आणि बंधाऱ्याजवळ पोहायला उतरू नका, ओहोटीला पाणी वेगाने बाहेर खेचतं. मुलाला डुंबायचं असेल तर पश्चिमेकडचा मोकळा किनारा आणि गुडघाभर पाणी, बस.

चाळकेवाडी

शांतता हवी असेल तर तारखा सांभाळा. दिवाळीपासून लाभपंचमीपर्यंत गुजरातभरची माणसं मांडवीच्या किनाऱ्यावर असतात, उंट-घोडे आणि खाऊच्या गाड्यांतून वाट काढावी लागते. जानेवारीत १४ आणि १५ला उत्तरायणाचे पतंग, पुढे २६ला जोडून सुट्टी आली की पुन्हा तेच. या दोन्हींच्या मधला आठवडा धरा, सोमवार ते गुरुवार. रविवार मांडवीत नको.

आणखी एक. जमलं तर जूनअखेर किंवा जुलैत जा. मुंद्रा-मांडवीच्या बागांत तेव्हा ताजी खारीक उतरते, पिवळी आणि लाल, झाडावरून आलेली. आपल्याकडे सुकलेलीच खारीक माहीत असते. ही चव वेगळीच.

कृष्णाघाट

खारकेचं खरं आहे, पण ६८ वर्षांच्या आईंना घेऊन जूनमध्ये नको. तेव्हा समुद्रावरून नैर्ऋत्येचा जोराचा वारा असतो, वाळू डोळ्यांत जाते, समुद्र खवळलेला आणि किनाऱ्यावर बसणंही नको होतं. त्यांनी जानेवारी निवडलाय तो बरोबर आहे.

धोर्डोचं आता स्पष्ट सांगतो. मांडवी भुजच्या दक्षिणेला, धोर्डो भुजच्या उत्तरेला ८० किलोमीटर. म्हणजे मांडवीहून एका बाजूचं अंतर १४० किलोमीटर, वर वाटेत भिरंडियाराला रणात जायचा परवाना काढायचा वेळ. एका दिवसात जाऊन-येऊन ३०० किलोमीटरचा हिसका आईंच्या गुडघ्यांना बसेल. रण बघायचंच असेल तर परतीच्या आधी भुजला एक वेगळा मुक्काम धरा आणि तिथून जा. नारायण सरोवर, कोटेश्वर, लखपत हे तर या सहलीत धरूच नका. तो वेगळ्या चार दिवसांचा ऐवज आहे.

मांडवीत तीन रात्री पुरतात.

विश्रामबागकर

फार उपयोगी. सगळ्यांचे आभार. १९ ते २२ जानेवारीच्या आसपास बघतो. दिवसाची आखणी कशी करावी? आणि जेवणाचं? आई कांदा-लसूण खात नाही, चहा मात्र पहाटे पाचला लागतो.

गलबत

पहाटे पाच म्हणजे तिकडे मध्यरात्रच समजा. मांडवी सांगलीपेक्षा बरीच पश्चिमेला आणि उत्तरेला आहे. जानेवारीत तिथे सूर्य साडेसातच्या पुढे उगवतो, आपल्यापेक्षा अर्धा तास उशिरा. चहाची टपरी काळोखात उघडेलच असं नाही, म्हणून थर्मास आणि छोटी किटली जवळ ठेवा. पाण्याचं लक्षात असू द्या. तिकडचं जमिनीतलं पाणी खारट असतं, साबणाला फेस येत नाही, चहा बेचव होतो. चहाला आणि प्यायला बाटलीबंद पाणी घ्या.

दिवस असा पाडा. उजाडल्यावर साडेआठपर्यंत किनारा. वाळू ओली आणि घट्ट असते, आईंना चालायला हलकं जातं, दुपारच्या भुसभुशीत वाळूत गुडघा मुरगळतो. मग नऊ ते बारा एक ठिकाण. दुपारी एक ते चार बाजार बंदच असतो, त्यामुळे रागावण्यापेक्षा झोपा. चारनंतर जहाजं, पुन्हा किनारा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून मावळतो तो समुद्रातच, साधारण साडेसहाला. उन्हाळ्यात तसं दिसत नाही.

विजय विलास राजवाडा शहरापासून सात-आठ किलोमीटरवर. १९२९मध्ये पुरा झालेला, लाल दगडातला. खालचे दालन आणि बाग आईंना झेपेल. गच्चीवर छत्रीपर्यंत जिने आहेत, तिथे तुम्ही दोघे आळीपाळीने जा. मांडवीजवळचं क्रांतीतीर्थ चुकवू नका, ते क्रांतिकारक श्यामजी कृष्ण वर्मा यांचं स्मारक. श्यामजी मांडवीचे, जन्म १८५७चा. लंडनचं इंडिया हाऊस त्यांनी १९०५मध्ये सुरू केलं, सावरकर आणि सेनापती बापट तिथलेच. १९३०मध्ये जिनिव्हात ते वारले, अस्थी २००३मध्ये मायदेशी आल्या. क्रांतीतीर्थात त्या इंडिया हाऊसची हुबेहूब इमारत उभी केली आहे. आपल्याकडच्या मुलाने हे बघायलाच हवं.

माहुली

जेवणाचं मी सांगते. भुज रस्त्यावर कोडायजवळ ७२ जिनालय हे जैन मंदिर आहे, मांडवीपासून दहा-अकरा किलोमीटर. भोजनशाळेत कांदा-लसूण नसतं, कंदमुळंही नसतात, म्हणजे बटाटासुद्धा नाही. पण संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी संपतं, सूर्य मावळल्यावर पोचलात तर उपाशी परताल. दुपारची वेळही सकाळीच फोन करून विचारा. गावात बाजरीचा रोटला, खिचडी-कढी सगळीकडे मिळते, ऑर्डर देताना "लसण-डुंगळी वगर" एवढं म्हटलं की पुरतं.

दाबेली मूळची इथलीच. तिच्यात लसणाची चटणी असते, आईंसाठी ती वगळून फक्त खजूर-चिंचेची घालायला सांगा, वर डाळिंबाचे दाणे आणि मसाला शेंगदाणे. दुपारी चारनंतर खा, पाव आणि मसाला तेव्हा ताजा असतो. हिवाळ्यात अडदिया मिळतो, उडदाच्या पिठाचा, तुपातला. तो पचायला जड, आईंना अर्धा तुकडाच द्या.

मुक्काम तळमजल्यावर मागा आणि न्हाणीघरात कमोड आहे का ते बुक करताना फोनवरच विचारा. धर्मशाळांतून बऱ्याच खोल्यांत भारतीय बैठकीची सोय असते. ओळखपत्रांच्या मूळ प्रती चौघांच्याही न्या, मुलाचं आधारसुद्धा. सीमेचा जिल्हा आहे, झेरॉक्स चालत नाही.