लिफ्ट काढल्यावर म्हणे नुसता टो मारला की झालं

घाटपायथा: परवा कुणीतरी विचारलं होतं, टोयोटाच्या हायलक्स पिकअपची दोन इंचांची लिफ्ट (गाडी उंच करायला स्प्रिंगवर बसवलेले स्पेसर, म्हणजे ठोकळे) काढली, आता पुढच्या चाकांचं काय करू? त्यावर टोबहाद्दर यांचं उत्तर: 'स्पेसर काढले की उंची कंपनीची, म्हणजे अलाइनमेंटही कंपनीचं. टो तेवढा मारून घ्या, कॅस्टर-कॅम्बर हे दुकानवाल्यांचे धंदे.' त्याला धडाधड अंगठे पडलेले पाहून राहवलं नाही. नवख्यांसाठी: टो म्हणजे वरून पाहिलं तर पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली, कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलं तर चाकाचा आत-बाहेर कल, आणि कॅस्टर म्हणजे बाजूने पाहिलं तर चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल. हे तिन्ही कोन जुळवणं म्हणजे अलाइनमेंट.

अहो, लिफ्ट बसवली तेव्हा कॅस्टर कमी झाला होता. तो भरून काढायला लोअर आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे कॅम बोल्ट (फिरवले की दांडा थोडा सरकतो) फिरवले होते. आता गाडी खाली आली, कॅम मात्र फिरवले तिथेच आहेत. ते रात्रीतून उठून जागेवर जाणार का? त्यात कुणी बाजारातले महागडे अपर आर्म घातले असतील तर जादा कॅस्टर त्यांच्या घडणीतच असतो. ते तसेच ठेवून उंची उतरवली, तर कधीकधी कॅम टोकापर्यंत फिरवूनही आकडा बसत नाही. आणि टो सगळ्यात शेवटी. कॅस्टर-कॅम्बरला हात लावला की टो हलतोच.

खरी गफलत बुशची, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या रबराची. आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असताना आवळले, की चाकं जमिनीला टेकताच रबर पिळून बसतं. गाडी पूर्ण खाली येत नाही, एखादी बाजू बोटभर वर राहते आणि आपण त्या खोट्या उंचीवर अलाइनमेंट करून मोकळे. पुढे बुश फाटतात ते वेगळंच. वजन चाकांवर घ्या, बोल्ट ढिले करा, गाडी दाबून हलवा, आणि मगच शेवटचा आवळा.

टोबहाद्दर: नाव घेऊन बोललात, आभार. पण पुस्तकी ज्ञान पुरे. माझी टाटा झेनॉन होती, टॉर्शन बारवाली, म्हणजे पुढे स्प्रिंगऐवजी पीळ खाणारा दांडा. त्याचे बोल्ट आवळून वर घेतली, कंटाळा आला तेव्हा सोडून खाली आणली, टो मारला, विषय संपला. टायर शेवटपर्यंत एकसारखे झिजले. आता बोला.

घाटपायथा: बोलतो की. झेनॉन वर घेतली तेव्हा कॅम्बर-कॅस्टरला कुणी हात लावला होता का?

टोबहाद्दर: नाही. गरजच काय?

घाटपायथा: झालं तर मग! ज्याला हात लावला नाही ते उंची उतरल्यावर जागेवर येणारच. त्या हायलक्सवाल्याने लिफ्टनंतर पूर्ण अलाइनमेंट करून घेतलं होतं, त्याच्याच प्रश्नात लिहिलंय. वाचायचे कष्ट घ्या.

कोकणडिझेल: तुमचे कॅम गेले खड्ड्यात. लिफ्टवाल्यांनी आधी दिवे खाली करा. परशुराम घाटात पावसाळी रात्री समोरून एक उंच केलेलं धूड आलं, वळणावर मला काही म्हणजे काही दिसेना. वडील शेजारी बसलेले, त्यांनी डोळ्यांवर हात घेतला. हौस तुमची आणि आंधळे आम्ही?

सह्यभटक्या: सगळ्यांना एका माळेत ओवू नका. डोळ्यांत जातो तो बाजारू एलईडी बल्ब, जो हॅलोजनसाठी केलेल्या रिफ्लेक्टरमध्ये कोंबलेला असतो. त्याचा प्रकाश कसाही फाकतो, गाडी लिफ्ट असो वा नसो. तुमच्या हॅचबॅकमध्ये कुठला बल्ब आहे हो?

कोकणडिझेल: माझ्या बल्बवर येऊ नका. आणि मागे हौद भरून माल टाकला की नाक वर होतं, तेव्हा कोण उतरून दिवे ॲडजस्ट करतं? एक दाखवा.

सह्यभटक्या: मी करतो. डॅशबोर्डवर चाक दिलेलं असतं त्यासाठी. तुम्ही कधी फिरवलंय?

कोकणडिझेल: सव्वापाच मीटरची गाडी घेऊन सोसायटीत दोघांची जागा अडवणाऱ्यांनी मला शिस्त शिकवू नये. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, आणि २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकालही. कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही, संपलं.

सह्यभटक्या: म्हणून तर बिचारा लिफ्ट काढतोय! त्यालाही झोडणार?

रॅम्पवाला: माझं अलाइनमेंटचं दुकान आहे, त्या 'धंदे' शब्दावर बोलतो. समुद्राकडची गाडी आली की कॅम बोल्ट बुशच्या नळीत गंजून घट्ट बसलेला असतो. पाना लावला तर बोल्ट फिरतच नाही, नाहीतर नळीसकट फिरतो आणि रबर पिळतं. तेल मारून, तापवूनही सुटला नाही तर कापायचा. बुश नवे, बोल्ट नवे. हे सांगितलं की गिऱ्हाईक म्हणतं, 'राहू दे, टो मार.' मारतो. चार महिन्यांनी तेच गिऱ्हाईक टायर दाखवायला येतं. हात फिरवा, एकच कड झिजून गुळगुळीत झालेली. मग शिव्या आम्हाला.

टोबहाद्दर: रॅम्पवाले, सगळे तुमच्यासारखे नसतात हो. मला एका दुकानाने कॅम्बरचे पैसे लावले आणि बोल्टवरची धूळसुद्धा हलली नव्हती. म्हणून माझा विश्वास उडाला.

रॅम्पवाला: मग आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट मागा. मशीनवर आकडे हिरवे झाले, एवढंच बघून पैसे देऊ नका. कॅस्टर मोजायला चाकं डावी-उजवीकडे वळवावी लागतात. ती वळवलीच नाहीत तर कॅस्टर मोजलेला नाही, सरळ हिशोब.

टोबहाद्दर: बरं. लिफ्टच्या वेळी कॅम फिरवले असतील तर पूर्ण अलाइनमेंट करा. बाकीच्यांनी टो मारा. घाटपायथा यांना शाल-श्रीफळ द्या कुणीतरी.

घाटपायथा: शाल नको. ती जुनी पोस्ट तेवढी दुरुस्त करा, लोक वाचून तसंच करतायत.

कोकणडिझेल: आणि दिवे? लिफ्टच्या वेळी खाली केले असतील तर आता ते बंपरपुढची डांबर बघत असतील.

सह्यभटक्या: वर घ्यायला सांगताय? तुम्ही?

कोकणडिझेल: मूळ खुणेपर्यंत. त्यापुढे एक रेघ नाही.