स्वप्नील कुसाळे आपल्याला १ ऑगस्टलाच का दिसला?

राधानगरीचा वाटसरू

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचा नेमबाजीचा प्रकार) स्वप्नील कुसाळेनं कांस्यपदक जिंकलं. या प्रकारातलं भारताचं हे पहिलंच ऑलिंपिक पदक. आदल्या दिवशी तो ५९० गुणांनी सातवा येऊन अंतिम फेरीत गेला होता. मी धरून बहुतेकांनी त्याचं नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कांबळवाडी हे आमच्या राधानगरी तालुक्यातलं गाव अख्ख्या देशाला माहीत झालं. "तिकीट तपासनीस ते ऑलिंपिकवीर" असे मथळे आले, आणि धोनीही रेल्वेतच होता हे प्रत्येक वाहिनीनं सांगितलं.

माझं म्हणणं असं की त्याला आधी ओळखायच्या दोन संधी आपल्याकडे होत्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला आणि भारतासाठी पॅरिसचा कोटा, म्हणजे एका नेमबाजाची जागा, मिळवला. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो पुढे होता, उभं राहून मारायच्या फेरीत एक गोळी ७.६ ला गेली (एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण असतात) आणि पुन्हा चौथा. ऐश्वर्य तोमरला रौप्य, अखिल शेरॉनला कांस्य. त्याच दोघांसोबत सांघिक सुवर्णपदक मिळालं, पण त्या दिवशी कुणी ढोल वाजवला?

चौथ्या क्रमांकाच्या माणसाला आपल्याकडे काहीच मिळत नाही. पैसा नाही, नाव नाही, साधा फोनही नाही. पदकानंतर राज्य सरकारनं १ कोटी जाहीर केले, रेल्वेनं बढती देऊन विशेष कर्तव्य अधिकारी केलं. चांगलंच झालं. पण ज्या वर्षांत गरज होती ती निघून गेल्यावर हे आलं. हरियाणात ऑलिंपिकला चौथं येणाऱ्यालाही ५० लाख मिळतात. टोकिओत हॉकीत चौथ्या आलेल्या संघातल्या त्यांच्या मुलींना ते मिळाले. आपण निदान एवढं तरी करावं, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

विदर्भकर

सहमत नाही. "दुर्लक्षित खेळाडू एका रात्रीत तारा झाला" ही गोष्ट ऐकायला छान वाटते, पण स्वप्नीलच्या बाबतीत ती खरी नाही.

२००९ मध्ये त्याला क्रीडा प्रबोधिनीत घेतलं. ही राज्य सरकारची योजना आहे. पहिलं वर्ष नुसत्या शारीरिक तयारीचं, मग एक खेळ निवडायचा. त्यानं नेमबाजी निवडली. २०१५ मध्ये मध्य रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरी लागली. सराव, शिबिरं, परदेशातल्या स्पर्धा हे सगळं राष्ट्रीय संघाचा नेमबाज म्हणूनच झालं. वडील शिक्षक, आई तेव्हा गावच्या सरपंच. एका खेड्यातल्या शिक्षकाचा मुलगा ५० मीटर रायफलसारख्या महागड्या खेळात जागतिक चौथा येतो, तो सरकारी यंत्रणेच्या खर्चावर. त्याला दुर्लक्षित म्हणताना आपण त्या प्रबोधिनीवर, दीपाली देशपांडेंसारख्या प्रशिक्षकांवर अन्याय करतो. अथेन्स ऑलिंपिक खेळलेल्या या बाई किती वर्षं या मुलांवर मेहनत घेत होत्या, त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार पॅरिसनंतरच्या जानेवारीत मिळाला.

थ्री पोझिशन म्हणजे काय हे शंभरात दोघांनाही सांगता येणार नाही. त्या खेळातला चौथा क्रमांक लोकांनी साजरा करावा ही अपेक्षाच अवास्तव आहे. प्रसिद्धी नव्हती म्हणून काही अडलं नाही. कदाचित प्रसिद्धी नसल्यामुळेच तो शांत राहू शकला.

मीनल (ठाणे)

माझी मुलगी १० मीटर एअर रायफल खेळते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

विदर्भकर, प्रबोधिनीचं श्रेय शंभर टक्के मान्य. पण प्रबोधिनीत किती मुलं जातात? बाकीच्यांचं काय? १० मीटरची रेंज एखाद्या शाळेच्या हॉलमध्येही उभी राहते. छरे परवडतात, रायफल महाग असली तरी क्लबची वापरता येते. ५० मीटरला पॉइंट टू-टूची (०.२२ इंच व्यासाच्या गोळीची) रायफल लागते, ती परदेशातून येते, परवाना लागतो, आणि रोज ज्या गोळ्या उडवायच्या त्या छऱ्यांच्या कितीतरी पट महाग. त्यात गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून अशा तिन्ही स्थिती शिकायच्या. कडक जॅकेट आणि पँट घालून उन्हाळ्यात तासन् तास उभं राहायचं. पात्रता फेरीतच ६० गोळ्या असतात. सरावात रोज किती लागत असतील, हिशेब करा. एअर रायफलमध्ये चांगली असलेली कितीतरी मुलं आईवडिलांच्या खिशाकडे बघून तिथेच थांबतात. मी हे आजूबाजूला बघते आहे.

म्हणून वाटसरू, चौथ्या क्रमांकाला ५० लाख ही मागणी मला अपुरी वाटते. जागतिक चौथा येईपर्यंत पोचलेल्या मुलाची सोय कुठून तरी झालेली असते. अडचण त्याच्या दहा वर्षं आधीची आहे. ५० लाखांत एका जिल्ह्याच्या रेंजला किती वर्षांच्या गोळ्या देता येतील?

आणि कैरोचं म्हणाल, तर त्याच स्पर्धेत आमच्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील जगज्जेता झाला होता. तरी तो पॅरिसला गेला नाही, कारण कोटा देशाचा असतो आणि निवड चाचण्यांमधून होते. स्वप्नीललाही स्वतः मिळवलेल्या कोट्यासाठी दिल्ली आणि भोपाळच्या चाचण्यांत पुन्हा स्थान मिळवावं लागलं. त्या चाचण्या टीव्हीवर कुणी बघितल्या? माझ्या मते त्याची खरी परीक्षा तिथे होती.

कराडचा पैलवान

मंडळी, कुस्तीगीर खाशाबा जाधवांचं नाव निघाल्याशिवाय ही चर्चा पुरी होत नाही. १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. आमच्या गोळेश्वरचा माणूस. राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी घर गहाण टाकून पैसे दिले तेव्हा तो माणूस हेलसिंकीला गेला. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली म्हणतात. आणि पुढं? पोलिसात नोकरी केली, १९८४ ला अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर, पंधरा वर्षांहून जास्त उशिरानं.

मिरवणूक एक दिवसाची असते, बाबांनो. म्हणून स्वप्नीलच्या वडिलांनी ऑक्टोबरमध्ये जे मागितलं ते मला शंभर टक्के पटलं. पाच कोटी, पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलाजवळ फ्लॅट, तिथल्या रेंजला पोराचं नाव. ७२ वर्षांत राज्याचा दुसरा वैयक्तिक ऑलिंपिक पदकवीर, आणि कांस्यपदकाला राज्याचं नवं धोरण दोन कोटींचं. असं होणार हे आधी कळलं असतं तर पोराला दुसऱ्या खेळात घातलं असतं, असं एका बापाला म्हणावं लागतं, याचं वाईट वाटत नाही का कुणाला?

विदर्भकर

पैलवान, वाईट वाटतं. पण दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. खाशाबांच्या वेळी कॉलेजच्या प्राचार्यांना घर गहाण टाकावं लागलं. स्वप्नीलच्या मागे राज्य होतं, रेल्वे होती. हा फरक आपण पुसून टाकला तर काय बदललं आणि काय बदलायचं राहिलं हे कधीच कळणार नाही.

आणि हरियाणाचा हिशेब नीट मांडू या. हरियाणा पाच कोटी देतं असं स्वप्नीलचे वडील म्हणाले, पण त्यांच्याकडे कांस्यपदकाला अडीच कोटी आहेत, पाच नाहीत. आपल्या नव्या धोरणातले दोन कोटी त्याच्या फार खाली नाहीत. पॅरिसला हॉकी सोडून भारताची पाच पदकविजेती माणसं, त्यातली मनू भाकर, सरबज्योत सिंग, नीरज चोप्रा आणि अमन सेहरावत ही चौघं हरियाणाची. चार जण बक्षिसाच्या आकड्यामुळे आले असं मला वाटत नाही. तिथे गावोगाव आखाडे आहेत आणि पोरगं खेळतंय म्हणून शेजारीपाजारी दूध पोचवतात. कोटींच्या आकड्यावर भांडताना हे मागे पडतं.

राधानगरीचा वाटसरू

विदर्भकर, यंत्रणेनं त्याला घडवलं हे मी नाकारतच नाही. पण घडवणं वेगळं आणि आपलं मानणं वेगळं. हांगझोऊची ती ७.६ ची गोळी सुटली तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. नाव नाही, वैयक्तिक पदक नाही, परत नोकरीवर. त्या वयात बरेच नेमबाज रायफल ठेवून देतात. तो टिकला हा त्याचा गुण. पण सगळ्यांनी तेवढं कणखर असावं, अशी अट घालून आपण किती जण गमावले असतील?

पॅरिसची अंतिम फेरी पुन्हा बघा. गुडघ्यावरच्या फेरीनंतर सहावा, झोपून मारल्यावर पाचवा, आणि उभं राहिल्यावर तिसरा. म्हणजे हांगझोऊत ज्या स्थितीनं घात केला, त्याच स्थितीत तो वर चढला. शेवटी ४५१.४. मधल्या दहा महिन्यांत त्यानं काय केलं हे जाणून घ्यायला मी काहीही देईन, पण ते कुणी लिहिलंच नाही. लिहिलं ते तिकीट तपासनीस असल्याचं. आमच्या तालुक्यातल्या पोरांच्या कामाचं होतं ते त्या दहा महिन्यांचं.

मीनलताई, तुमचं रेंजचं म्हणणं पटलं. तरीही दोन्ही हवं. रेंज नसेल तर सुरुवात होत नाही, आणि चौथ्याला आधार नसेल तर पोरगं मधेच सुटतं.

आटपाडीकर

इतका वेळ वाचतोय, एका नावाची वाट बघत होतो. आलं नाही, म्हणून लिहितो. सचिन खिलारी. आमच्या तालुक्यातलं करगणी गाव. पॅरिसलाच, ४ सप्टेंबर २०२४, पॅरालिंपिक गोळाफेक एफ-४६ (हाताचं अपंगत्व असलेल्यांचा गट), १६.३२ मीटर, रौप्यपदक आणि आशियाई विक्रम. कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टचं सुवर्ण १६.३८ चं. सहा सेंटिमीटरनं सुवर्ण हुकलं. त्याआधी मे महिन्यात कोबेला तो जगज्जेता झाला होता.

"७२ वर्षांत दुसरा" हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. ऑलिंपिकपुरतं ते बरोबर आहे. पण मग १९७२ मध्ये हायडेलबर्गला पोहून सुवर्ण आणणारे मुरलीकांत पेटकर कुठे मोजायचे? त्यांना अर्जुन मिळाला २०२५ च्या जानेवारीत. स्वप्नीलला, सचिनला आणि पेटकरांना एकाच समारंभात. एकाला पाच महिन्यांत, एकाला बावन्न वर्षांनी. वाटसरूसाहेब, दुर्लक्ष कशाला म्हणायचं हा प्रश्न तुम्ही विचारलात, तर उत्तर शोधताना नजर फक्त एका रेंजवर ठेवू नका.

कराडचा पैलवान

आटपाडीकर, मनापासून सांगतो, बरं केलंत. सचिनचा तो थ्रो मी बघितला होता. पण तुमच्या मुद्द्यावरून माझं म्हणणं आणखी पक्कं होतंय. पेटकरांना वेळेत दिलं असतं तर आज स्वप्नीलच्या वडिलांना मागायची वेळ आली नसती. मागितल्याशिवाय इथं मिळत नाही, हे लोक बघत आलेत.

मीनल (ठाणे)

पैलवानदादा, मागण्याबद्दल आक्षेप नाही. पण काय मागायचं यावर माझा आग्रह आहे. रेंजला स्वप्नीलचं नाव द्या, जरूर द्या. त्याच रेंजवर आठवड्यातून दोन दिवस जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलांना झोपून मारायला रायफल आणि गोळ्या फुकट मिळाव्यात, हेही त्याच अर्जात लिहा. कोल्हापूरनं तेजस्विनी सावंत दिली, २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनची (झोपून मारायच्या प्रकाराची) जगज्जेती. मग स्वप्नील. चौदा वर्षांत दोन माणसं एकाच जिल्ह्यातून. बाकीच्या जिल्ह्यांत ५० मीटरची रेंज कुठे आहे हे मी गेल्या वर्षी शोधायला गेले, तेव्हा दोन ठिकाणी "ती पोलिसांची आहे" एवढंच उत्तर मिळालं.

विदर्भकर

या मुद्द्यावर मीनलताईंच्या बाजूनं. चौथ्या क्रमांकाचे ५० लाख मात्र मला अजून पटलेले नाहीत. त्याऐवजी जागतिक स्पर्धेत पहिल्या आठात आलेल्याला पुढची दोन वर्षं गोळ्या, प्रवास आणि मानसतज्ज्ञ यांचा खर्च राज्यानं उचलावा. रोख रकमेपेक्षा ते त्या ७.६ च्या गोळीनंतर जास्त कामाला आलं असतं.

राधानगरीचा वाटसरू

रोख का नको? त्या मुलावर घर चालत असेल तर? मानसतज्ज्ञाचं बिल राज्य भरेल, पण बहिणीच्या लग्नाचं, वडिलांच्या आजारपणाचं काय? ५० लाख जास्त वाटत असतील तर २५ करा. पण ते त्याच्या हातात द्या, कशावर खर्च करायचे ते त्याला ठरवू द्या.