सोमोझाच्या पतनाची सुरुवात भूकंपापासून

मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशाचा हुकूमशहा सोमोझा याची सत्ता डाव्या सँडिनिस्टा बंडखोरांच्या बंदुकांनीच उलथली, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. ते बंडखोर १९६१ पासून लढत होते, पण शहरांतला व्यापारी आणि मध्यमवर्ग तोवर अलिप्तच राहिला होता. त्याला बाजू बदलायला लावली ती २३ डिसेंबर १९७२ च्या भूकंपाने. राजधानी मानाग्वा जमीनदोस्त झाली, हजारो माणसे गेली, आणि जगभरातून आलेली मदत सोमोझाच्या लष्कराच्या, म्हणजे नॅशनल गार्डच्या, सैनिकांनी लुटली, विकली. पुनर्बांधणीची कंत्राटे सोमोझाच्याच कंपन्यांकडे गेली आणि इतर उद्योजकांच्या वाट्याला फारसे काही उरले नाही.

हे वाचताना मला कच्छच्या भूकंपाची, २६ जानेवारी २००१ ची सकाळ आठवते. इथे बडोद्यात फडताळातली भांडी खणखणली, आणि दोन दिवसांनी आईने पेटीतल्या दोन नव्या गोधड्या सुतळीने बांधून कच्छला निघालेल्या ट्रकवर स्वतः चढवल्या. अशी गोधडी वाटेत कुणी विकून खाल्ली, तर देणाऱ्याच्या मनात काय पेटेल, ते मला तेव्हापासून कळते. मानाग्वात तो संताप पाच वर्षे धुमसत राहिला. सोमोझाचे टीकाकार, निर्भीड संपादक पेद्रो होआकिन चामोरो यांची १० जानेवारी १९७८ रोजी हत्या झाली, तेव्हा गरिबांचे रक्त विकत घेऊन त्यातील प्लाझ्मा परदेशी विकणारा, सोमोझाची भागीदारी असलेला कारखाना जमावाने जाळला, आणि त्यानंतरच्या सार्वत्रिक संपाची हाक दिली ती खुद्द उद्योजकांनी. पुढच्या वर्षी १७ जुलैला सोमोझा देश सोडून पळाला.